तेवीस नंबरची जागा

मी, सावळीराम झुंबर गांगुर्डे, वय वर्षे बासष्ट, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला स्टोअरकीपर, राहणार हिरावाडी, पंचवटी, नाशिक, माझ्यामागे काय कोणाला जावे ते आज स्वखुशीने व स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जानेवारीत माझ्या हृदयात एक स्प्रिंग बसवली तेव्हा मी तिचा पार्ट नंबर विचारला होता, त्यामुळे दाखला देताना डॉक्टरांना काही शंका आली नाही. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. बायको दोन महिने मागे लागली होती हे खरे, पण ते लग्नापासून चालू आहे, त्याला दडपण म्हणता येणार नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि, माझा आळस पाहता, शेवटचे.

१. हिरावाडीतील दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची मोरी असे घर मी १९८८ साली स्वकमाईतून बांधले. ते माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. मंगलाबाई हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. ती असेपर्यंत मुलांनी विकण्याचा विषय काढू नये. तिच्यानंतर मुलगी ज्योत्स्ना व मुलगा लखन यांना निम्मे निम्मे. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा कमी करा, असे जो कोणी म्हणेल त्याला माझ्या तेराव्याला पंगतीत बसवू नये. मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. ती मला वीस वर्षांत घालवता आली नाही. तीही दोघांना निम्मी निम्मी.

२. बँकेतील मुदत ठेव एक लाख दहा हजार आणि पोस्टातील साठ हजार मंगलाबाईला. कळवणच्या जमिनीतला माझा वाटा मी १९८९ सालीच भावांना लिहून दिला आहे, त्याबद्दल आता कोणी बोलू नये. स्कूटर लखनने घ्यावी, पण चोक ओढून दोन मिनिटे थांबल्याशिवाय ती चालू होत नाही हे लक्षात ठेवावे. तो थांबत नाही, म्हणून लिहिले.

३. माझी हत्यारे, म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर, पान्ह्यांचा संच व कानशी, हीही लखनला. सगळी विकत घेतलेली आहेत आणि प्रत्येकाची पावती डब्यात आहे. स्टोअरकीपरच्या घरात पान्हा दिसला की पाहुण्यांच्या भुवया वर जातात, म्हणून मी पावत्या जपल्या. हत्यारे वापरून झाल्यावर तेलाच्या फडक्याने पुसावीत. ओल्या हाताने व्हर्नियर धरणारा माणूस मला कधीच आवडला नाही.

४. आता पलंगाखालची हिरवी पत्र्याची पेटी. लखनने दोनदा विचारले की ही भंगारात द्यायची का. नाही. तिच्यात काय आहे ते सविस्तर लिहितो, कारण ज्योत्स्ना सोडली तर घरात कोणाला ते धड माहीत नाही.

कारखान्याची बस क्रमांक सात रोज सकाळी शालिमारहून निघायची. द्वारका, आडगाव नाका, आडगाव, दहावा मैल करत ओझर. एकूण सत्तेचाळीस जागा, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. माझी बावीस नंबरची, खिडकीशी. शेजारी तेवीस नंबरवर निजाम उमर कोकणी, इन्स्पेक्शन खात्यातला, राहणार कोकणीपुरा. नऊ वर्षे आम्ही मांडीला मांडी लावून गेलो आलो. द्राक्षांच्या दिवसांत आडगावला कोणीतरी खोकेभर माल बसमध्ये चढवायचा आणि ओझर येईपर्यंत नुसते देठ उरायचे. दसऱ्याला बसला झेंडूच्या माळा, ड्रायव्हरला टोपी-टॉवेल. ईदच्या दुसऱ्या दिवशी निजाम दोन लिटरच्या किटलीतून शीरखुर्मा आणायचा आणि सत्तेचाळीस जणांना पुरेल अशा बेताने स्वतः वाढायचा. काजू कोणाच्या वाट्याला किती आले तेसुद्धा तो बघायचा. इन्स्पेक्शनचा माणूस. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ कोणता असे कोणी विचारले, तर मी मुलांचे जन्म वगैरे म्हणेन, पण मनातून मला ती बसच आठवते.

१९९० साली त्या बसमध्ये आम्ही 'पेटी' सुरू केली. भिशी नव्हे. भिशीत प्रत्येकाची पाळी येते, गरज असो वा नसो. आमच्यात ज्याच्याकडे चार पैसे शिल्लक असतील तो द्यायचा आणि ज्याला नड असेल तो घ्यायचा. व्याज शेकडा एक रुपया महिना. मधला माणूस मी. पहिल्याच वर्षी एकाने मुलीच्या लग्नासाठी पैसे घेतले. ज्याचे घेतले तो लग्नात जेवायला बसला आणि जिलेबी हातात घेऊन म्हणाला, "ही माझीच आहे, वाढा अजून." मुलीचा बाप तिथेच काळाठिक्कर पडला. त्यानंतर मी नियम केला की देणाऱ्याला घेणारा कळू द्यायचा नाही आणि घेणाऱ्याला देणारा. वहीत नाव लिहायचे नाही. फक्त जागेचा नंबर.

पगार सात तारखेला. त्या दिवशी एक रिकामा जेवणाचा डबा बसमध्ये पुढून मागे फिरायचा. ज्याचा हप्ता असेल तो पाकिटात पैसे घालून, वर जागेचा नंबर टाकून, डब्यात सोडायचा. मी घरी येऊन नंबराप्रमाणे नोंद करायचो, पैसे ज्याचे त्याला पोचवायचो आणि रिकामी पाकिटे तारेत ओवून वहीसोबत याच हिरव्या पेटीत ठेवायचो. दर तीन महिन्यांनी, पहिल्या शनिवारी परतीच्या वाटेवर, दहावा मैल सुटला की वही फिरायची. प्रत्येकाने फक्त आपले पान उघडायचे, नोंदी तपासायच्या, खाली सही करायची. वही ज्याच्या मांडीवर असेल त्याच्या आजूबाजूच्यांनी खिडकीबाहेर बघायचे. हा नियम कोणी मोडला नाही. सत्तेचाळीस माणसे माना वळवून आडगावचे मळे बघत बसलेली, हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याला ते पटणार नाही. निजाम वही बघायचा तेव्हा मीसुद्धा बाहेर बघायचो, वही माझीच असून.

अकरा वर्षे पेटी चालली. माझी वही एकदाही चुकली नाही, असे मी सगळ्यांना सांगत आलो. आता खरे लिहितो.

५. फेब्रुवारी १९९४ मध्ये निजामने सहा हजार घेतले. दहा हप्ते, व्याज धरून आणि वरचे सुटे सोडून प्रत्येकी सहाशे पन्नास. मार्च ते जून चार हप्ते आले. जुलैत आमची बस दुरुस्तीला गेली आणि तीन महिने दुसरी बस आली. त्या बसला दार अगदी पुढे होते, त्यामुळे पुढच्या पाच जागाच नव्हत्या आणि सगळे नंबर पाचने कमी झालेले. माणसे मात्र आपापल्या ठिकाणीच बसली, पुढचे पाच तेवढे मागे गेले. पाकिटावर सगळ्यांनी सवयीने जुनेच नंबर टाकले. एकटा निजाम सोडून. वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात नियम होता की ज्या जागेवर बसला आहात तिचा नंबर पाकिटावर घालावा. निजामच्या डोक्यावर, खिडकीच्या वर, रंगाने १८ लिहिले होते. त्याने १८ घातले. ड्रॉइंगमध्ये आहे तसे करायचे, ही त्याची सवय. नियमाने चालणारा तो एकटाच निघाला आणि तोच अडकला.

अठरा नंबर म्हणजे माझा मेहुणा हिरामण. त्याचाही हप्ता चालू होता, पाचशेचा. मला तीन महिने अठरा नंबरची दोन दोन पाकिटे मिळाली. मला वाटले, गडी लवकर फेडतोय. मी घरी मंगलाबाईजवळ त्याचे कौतुकसुद्धा केले. त्याला विचारले नाही, आणि त्याने सांगितले नाही.

एक ऑक्टोबरच्या शनिवारी वही फिरली. जुनी बस परत आलेली होती. हिरामणने आपले पान बघितले, सही केली, वही मागे दिली. ती निजामकडे आली. मी खिडकीबाहेर बघत होतो. निजाम मोठ्याने म्हणाला, "गांगुर्डे, माझे तीन हप्ते कुठं गेले?"

पेटीबद्दल बसमध्ये मोठ्याने बोलायचे नसते. सत्तेचाळीस माना एकदम आत वळल्या. तेवीस नंबरने कर्ज घेतले आहे आणि तीन हप्ते थकले आहेत, हे एका वाक्यात सगळ्यांना कळले. मला त्याचा राग आला. खरे सांगायचे तर मला वहीचा राग आला नाही, त्याचा आला.

मी म्हणालो, "वहीत नाहीत म्हणजे आले नाहीत."

"मी डब्यात टाकले. तिन्ही महिने. तू शेजारी बसला होतास."

"मी बघत नसतो. नियम आहे."

"मग?"

"मग साक्षीदार आण. टाकताना कोणी बघितलं असेल त्याला उभा कर."

साक्षीदार कुठून आणणार? न बघण्याचा नियम मीच केलेला. निजाम एकेकाकडे बघत राहिला. माना एकेक करून परत खिडकीकडे वळल्या. पुढच्या रांगेतून हिरामण ओरडला, "लय झालं! पैसे बुडवायचे आन वर आवाज. उतरवा त्याला." अजून दोघांनी री ओढली. निजामने ड्रायव्हरला हाक मारली, डब्याची पिशवी उचलली आणि आडगावच्या फाट्यावर उतरला. त्याचे घर तिथून आठ-दहा किलोमीटर पुढे, नाशकात. मी खिडकीतून बघितले तेव्हा तो एसटीच्या थांब्यावर उभा होता. बस हलली. मी हाक मारली नाही.

सोमवारपासून तो बसमध्ये आला नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरचे उरलेले तीन हप्ते मात्र त्याने सात तारखेला स्टोअरच्या खिडकीवर आणून ठेवले. पाकिटावर २३, खाली रेघ. माझ्याकडे न बघता. तेव्हाही मला शंका आली नाही की बुडवणारा माणूस पुढचे हप्ते का भरेल. मधले एकोणीसशे पन्नास मी माझ्या खिशातून त्या देणाऱ्याला भरले आणि आपण किती मोठ्या मनाचे, असे मला वाटले. तेवीस नंबरची जागा रिकामीच राहिली. मी तिथे माझी पिशवी ठेवायचो. नऊ वर्षे एकाच गेटातून आत गेलो, एकाच गेटातून बाहेर आलो. त्याच्या ईदला पुढे मी किटलीची वाट बघायचो, हे लिहायला लाज वाटते, पण बघायचो.

६. २००४ च्या दिवाळीत ज्योत्स्ना एमएस-सीआयटीचा कोर्स करत होती. सरावाला म्हणून तिने माझ्या सगळ्या वह्या भाड्याने आणलेल्या कॉम्प्युटरवर चढवल्या, प्रत्येक जागेचे वेगळे पान करून. मला कौतुक वाटले. एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, हे बघा ना. चौऱ्याण्णवला अठरा नंबरचे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरला दोन दोन हप्ते आहेत. एक पाचशेचा, एक सहाशे पन्नासचा. आणि सहाशे पन्नासवाला तेवीस नंबर, त्याचे तेच तीन महिने कोरे."

मी म्हणालो, "तू चुकीचं टाइप केलं असशील."

"मी तीनदा बघितलं."

"मग चौथ्यांदा बघ." असे बोलून मी बाहेर गेलो. ती स्वयंपाकघरात गेल्यावर पेटी ओढली आणि पाकिटांची तार सोडली. तिन्ही पाकिटे मिळाली. १८, खाली पट्टीने मारल्यासारखी रेघ. हिरामणने जन्मात कधी आकड्याखाली रेघ मारलेली नाही.

मी ती पाकिटे परत ओवली आणि ज्योत्स्नाला सांगितले की ती फाइल बंद करून टाक. तिने माझ्याकडे बघितले आणि काही न विचारता पासवर्ड घालून बंद केली. १९९४ ला जे झाले ती चूक होती. कोणाच्याही हातून होईल. २००४ नंतर पाच वर्षे मी गप्प राहिलो, ते मात्र मी जाणूनबुजून केले. मेहुण्याचे नाव येईल, बायको दुखावेल, अशी कारणे मी स्वतःला देत होतो. खरे कारण एवढेच की माझी वही चुकली हे मला कोणाला सांगायचे नव्हते.

यंदा जानेवारीत दवाखान्यात झोपलेला असताना मंगलाबाईला सगळे सांगितले. ती रडेल असे वाटले होते. ती म्हणाली, "माझ्या भावाला झाकायला तुम्हाला कोनी सांगितलं होतं? मी? माझं नाव याच्यात घालू नका. बरं झालात की आधी त्या माणसाच्या दारात जाऊन उभे ऱ्हा."

७. आधी मी हिरामणकडे गेलो. वही दाखवली. त्याने पानावरून बोट फिरवले आणि तो म्हणाला, "दाजी, मला वाटलं तुम्हीच मेहुना म्हनून काहीतरी इकडचं तिकडं केलं. तुमचा मान ठेवायला गप बसलो." म्हणजे पंधरा वर्षे तो मला चोर समजून माझे उपकार मानत होता. यावर मी हसलो, मग मला चक्कर आली, मग त्याच्या सुनेने पाणी दिले. "मग त्याला उतरवा असं का ओरडलास?" असे विचारले तर म्हणाला, "तुमच्यावर येऊ नये म्हनून." मी त्याला माफ केले असे लिहिणार होतो, पण अजून केलेले नाही. झाले तर मंगलाबाईला सांगून जाईन.

हिरामणला माझ्यामागे तो जेवणाचा डबा द्यावा. रिकामा द्यावा. झाकण घट्ट बसते, उघडताना अंगठा सांभाळावा.

८. निजाम उमर कोकणी यांना रोख रुपये एकोणीस हजार चारशे चाळीस द्यावेत. हिशोब असा: ऑक्टोबर १९९४ ते त्यांच्या निवृत्तीपर्यंत, सप्टेंबर २००३, एकूण एकशे आठ महिने ते एसटीने गेले. एसटीचा पास व बसची पगारातून होणारी कपात यांतला फरक सरासरी महिना एकशे ऐंशी. तसे वहीप्रमाणे त्यांचे माझ्याकडे काहीच निघत नाही. घेतले ते त्यांनी दहा हप्त्यांत पूर्ण फेडले. पण काहीच निघत नाही असे लिहून हात झटकणे मला जमेना.

९. वरील आठवे कलम रद्द समजावे. ते खोडलेले नाही, कारण स्टोअरमध्ये चुकलेली नोंद खोडत नाहीत, तिच्याखाली नवी नोंद करतात. रद्द का झाले ते लिहितो.

फेब्रुवारीत मी कोकणीपुऱ्यात गेलो. दार त्यांच्या पत्नी खातूनबींनी उघडले. मला त्यांनी ओळखले नाही. निजाम पलंगावर बसून पेपर वाचत होता. दाढी पांढरी झाली आहे, चष्मा जाड. मी तीन पाकिटे त्याच्यासमोर ठेवली. त्याने एकेक उचलून उजेडात धरले.

"हे माझं अठरा आहे," तो म्हणाला. "खाली रेघ आहे."

मी सगळे सांगितले. दुसरी बस, पाच जागा, हिरामणचे पान. खातूनबी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बसचं असं होतं होय? मला तर हे म्हणाले, कंपनीच्या बसमध्ये मळमळतं, म्हणून एसटीनं जातो. नऊ वर्षं मी यांच्या खिशात आवळासुपारी घालून देत होते." मग त्या आत गेल्या. मला वाटते त्या रडायला गेल्या, पण खात्री नाही.

निजाम म्हणाला, "त्या सालात आलिमाला डी.एड.ला घालायचं होतं. त्या पेटीतूनच पुन्हा पैसे घेणार होतो. नाही जमलं, तिचं एक वर्ष गेलं. आता शाळेत शिकवते, चांगलं आहे तिचं. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं." मग त्याने विचारले, "हे तुला कधी कळलं?"

खोटे बोलता आले असते. मी म्हणालो, "दोन हजार चारला."

तो उठला आणि आत गेला. मी अर्धा तास एकटा बसलो होतो. चहा आला नाही, आणि येऊ नये असेच मला वाटत होते. तो परत आला तेव्हा मी वही पुढे केली. तेवीस नंबरच्या पानावर मी लाल शाईने लिहिले होते: 'जुलै, ऑगस्ट व सप्टेंबर १९९४ चे तीन हप्ते वेळेवर मिळाले. नोंद दुसऱ्या पानावर झाली. चूक माझी. सा. झुं. गांगुर्डे.' खाली त्याच्या सहीची जागा सोडली होती.

"वहीवर मी सही करणार नाही," निजाम म्हणाला. "वहीला फार उशीर झाला."

मग मी मृत्युपत्राचे आणि एकोणीस हजार चारशे चाळीसचे सांगितले. त्याने सगळा हिशोब ऐकून घेतला. "एसटीचा पास मोजलास? तू माणूस सरळ आहेस रे गांगुर्डे, पण तुझी अक्कल स्टोअरचीच राहिली. आडगावच्या फाट्यावर मी तासभर उभा होतो, त्याचा काय रेट लावलास?"

मी म्हणालो, "त्याचा मला लावता आला नाही."

त्याने तिन्ही पाकिटे एकावर एक रचली. मग म्हणाला, "मृत्युपत्राला साक्षीदार लागतात ना? किती?"

"दोन. एक शेजारच्या वत्सलाबाई आहेत. दुसरा अजून बघितला नाही."

"त्या दिवशी तू मला साक्षीदार मागितलास. माझ्याकडे नव्हता. आता तुझ्याकडे नाही." त्याने चष्मा पुसला. "मी येतो."

मी सांगितले की ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नका, पुढे कोणी तक्रार केली तर अडचण होते, असे वकील म्हणाले आहेत.

"मग ते पैशाचं खोड."

"खोडता येत नाही. खाली रद्द असं लिहावं लागतं."

तेव्हा तो हसला. पंधरा वर्षांनी मी त्याला हसताना पाहिले. वरचे दोन दात गेले आहेत. "लिही मग," तो म्हणाला. "पण सही करायच्या आधी सगळं वाचून दाखवायचं. मोठ्यानं. माझ्या नावासकट. नंबर नको."

म्हणून या कागदात मी जागेच्या नंबराबरोबर नाव लिहिले आहे. पेटीचा नियम मी मोडतो आहे, एकदाच, आणि एकाच माणसासाठी. हिरामणचे नाव येणार हे मंगलाबाईला विचारून घेतले आहे.

१०. पेटी, वह्या, पाकिटांच्या तारा व कॉम्प्युटरवरील फाइलची सीडी हे सर्व ज्योत्स्नाच्या ताब्यात राहील आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. पासवर्ड तिला माहीत आहे. तिने तो बदलू नये. बस क्रमांक सातचा कोणी माणूस, किंवा तो नसेल तर त्याचा मुलगा, मुलगी वा पत्नी, दारात येऊन आपले पान मागेल तर त्याला घरात घ्यावे, पाणी द्यावे आणि फक्त त्याचेच पान दाखवावे. तो बघत असेल तोवर घरातल्यांनी खिडकीबाहेर बघावे. पण त्याने काही विचारले, तर तोंड वळवून त्याच्याकडे बघावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. वहीपेक्षा आधी त्याचे ऐकावे. ही माझी शेवटची सूचना आहे आणि बाकीच्या नाही पाळल्या तरी ही पाळावी.

वर लिहिलेले सर्व आज मी दोन्ही साक्षीदारांसमोर पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवले. मध्ये दोनदा पाणी प्यायलो. खाडाखोड नाही. त्यानंतर दोघांच्या समोर मी सही केली.

नाशिक, रविवार, दिनांक ८ मार्च २००९

(सही) सावळीराम झुंबर गांगुर्डे

साक्षीदार पहिल्या: वत्सलाबाई, हिरावाडी, निवृत्त शिक्षिका. श्री. गांगुर्डे यांनी माझ्यासमक्ष सही केली. त्यांनी लेखनात एकही चूक केलेली नाही, हे विशेष. (सही)

साक्षीदार दुसरे, स्वतःच्या अक्षरात: मी निजाम उमर कोकणी, कोकणीपुरा, नाशिक. सावळीराम गांगुर्डे यांनी सही केली तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मी खिडकीबाहेर बघत नव्हतो. (सही, खाली रेघ)